पाळीखालची शीळ

शेवंता वहिनीची आठवण आली की आधी तिचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, येतो तो तिचा उजवा हात. राखेनं भांडी घासून खरखरीत झालेला, मनगटापर्यंत ओला, बांगड्या कोपराकडे सारलेला तो हात मोरीपासून वर उठे आणि त्याची पाठ अलगद ओठांवर टेके. मागच्या दाराच्या चौकटीत तेव्हा मावळतीचा पिवळसर उजेड असे, कुजत्या पाचोळ्याचा ओला वास नाल्याकडून वर चढत असे, आणि हातावरचं पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं तरी ती तो हात काढत नसे. पाहणाऱ्याला वाटावं, हिला हसू आवरत नाही, किंवा रडू. दोन्ही नव्हतं. तिच्या ओठांतून काहीतरी निसटू पाहत असे आणि ते निसटू न देणं हे तिचं कितीतरी वर्षांचं काम होऊन बसलं होतं.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. नागझिऱ्याच्या जंगलाला चिकटलेल्या एका लहानशा गावातून ती आमच्या घरात आली तेव्हा सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं, आणि आम्ही साकोलीपासून बरंच आत, एका नव्या तलावाच्या बांधाखाली उभारलेल्या सरकारी वसाहतीत राहत होतो. मूळचे आम्ही अड्याळचे, धानाची शेती करणारे. पण बाबा कालव्यांवर देखरेख करण्याच्या नोकरीला लागले आणि त्यांच्या बदल्यांच्या मागोमाग आमचा संसार हिंडत राहिला. दादा साकोलीच्या एका कचेरीत कारकून होता, सकाळच्या एस.टी.नं जायचा आणि दिवेलागणीच्या एस.टी.नं परतायचा. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घरात बाबा, दादा, मी, आणि ही नवी सून.

वहिनीला आवाज असा नव्हताच. ती चालायची तेव्हा जोडव्यांचा बारीकसा नाद व्हायचा, तेवढीच तिच्या असण्याची खूण. बाबांपुढे ती कधी उघड्या तोंडानं आली नाही. ताट ठेवायची ते डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून, आणि ताट ठेवलं की दाराआड. सासऱ्याशी थेट बोलायचं नाही असा आमच्याकडचा रिवाज. बाबा चार हातांवर बसलेले असत आणि ती दाराआडून मला सांगे, “मामाजीले विचारा, भाजी पाह्यजे का.” मी विचारायची, बाबा मला उत्तर द्यायचे, आणि मी ते उत्तर, तिनं आधीच ऐकलेलं, पुन्हा तिला सांगायची. या पोरखेळाचं मला हसू यायचं. त्या दोघांना कधी आलं नाही. आमच्या घरात लाज ही रोजच्या वापरातली वस्तू होती आणि ती वापरायची बायकांनी, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

तिचे डोळे मात्र घरात नसायचे. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना तिची मान जराशी कललेली असे, कान नाल्याकडे. आमचं घर वसाहतीच्या ओळीतलं शेवटचं. त्यापुढे हापशी, हापशीपुढे नाल्याचा उतार, आणि उतारावर अर्जुनाची, जांभळीची, बांबूंची दाटी. त्यामागे तलावाचा मातीचा बांध, ज्याला सगळे पाळ म्हणत. पाळीतून थोडं पाणी कायम झिरपायचं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही त्या दाटीत ओल असायची, सावली असायची, आणि पाचोळ्याचा थर असा जाड की पाय टाकला तर आवाज न होता आत जावा. वसाहतीतल्या बायका तिकडे फिरकत नसत. वहिनी दारात उभी राहून तिकडे बघत राही. माहेरची आठवण येते का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “नाही. मी कुठी गेलीच नाही असं वाट्टे इथं उभी राह्यली का.”

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता नाल्यातून शीळ ऐकू येऊ लागली. दोन सुरांची, अगदी स्पष्ट. पहिला सूर वर चढे, दुसरा खाली उतरे, मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा तेच. पहाटे फटफटायच्या वेळी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, म्हणजे नेमक्या बायका हापशीवर असायच्या त्याच वेळी. वसाहतीतल्या कुणाच्याही मनात पाखरू आलं नाही. आणि का यावं? वसाहत नवी, माणसं नागपूर-वर्ध्याकडची. आम्ही स्वतः धानाच्या मोकळ्या बांध्यांत, बांध घातलेल्या शेतांत वाढलेले. आमच्या लेखी पाखरू चिवचिव करतं, कावकाव करतं, फार तर कुहू करतं. शीळ घालतो तो माणूस, आणि बायका पाणी भरत असताना घालतो तो मवाली.

हापशीवर येणाऱ्यांत लग्नाच्या वयाची मुलगी मी एकटीच, म्हणून ती शीळ माझ्या नावावर जमा झाली. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी वेणी जरा नीट घालूनच पाण्याला गेले. मग बायकांच्या नजरा कळायला लागल्या. माझी घागर भरेपर्यंत सगळ्या गप्प व्हायच्या आणि मी पाठ फिरवली की बोलणं सुरू व्हायचं. मी काहीच केलं नव्हतं तरी माझी मान खाली जायला लागली, आणि मान खाली गेली म्हणजे काहीतरी असणारच, असं त्यांना वाटायला लागलं.

शीळ घालणारा कोण, हे ठरायला वेळ लागला नाही. तलावातल्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आहे ते पाहायला देवीदास नावाचा एक रोजंदारीवरचा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पाळीवर जायचा. पवनीकडचा, तिशीच्या आसपासचा, लग्न न झालेला. वसाहतीच्या मागच्या गोदामाशेजारच्या खोलीत एकटाच राही, स्वतः रांधून खाई. बोलताना समोरच्याकडे न बघता स्वतःच्या चपलांकडे बघायची त्याला सवय होती. हीच सवय आता त्याच्याविरुद्ध गेली. वेळ तीच, वाट तीच, आणि माणूस असा खाली बघणारा. लोकांना आणखी काय हवं होतं?

इथवर गोष्ट निभावली असती. पण एक दिवस कुणीतरी म्हणालं की नाल्यातल्या शिळेला उत्तरही येतं, आणि ते उत्तर आमच्या घराच्या मागल्या बाजूनं येतं. ही बातमी बाबांच्या कानावर कशी गेली मला माहीत नाही. त्यांनी मला काही विचारलं नाही. जेवता जेवता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मान वळवून पाण्याचा तांब्या उचलला. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. दाराआड जोडवी वाजली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर वसाहतीतली पुरुष मंडळी जमली. बाबा वयानं आणि नोकरीनं वडीलधारे, म्हणून बैठक आमच्याकडे. आणि आमच्याच घरावर बोट होतं म्हणून बाबांचा चेहरा दगडासारखा. दादा नुकताच एस.टी.तून उतरून आलेला, हातातली पिशवीही खाली न ठेवता भिंतीला टेकून उभा. देवीदासला बोलावून आणलं. साहेबांना सांगून त्याला कामावरून काढायचं हे जवळजवळ ठरलेलंच होतं. त्याआधी दोन ठेवून द्याव्यात की नाही, एवढीच चर्चा चालली होती. मी आणि वहिनी आतल्या दाराआड उभ्या होतो. दार किंचित उघडं होतं आणि त्या फटीतून ओट्यावरच्या कंदिलाच्या प्रकाशाची एक पट्टी वहिनीच्या कपाळावर पडली होती.

“मी शिट्टी नाही मारली, बाबूजी,” देवीदास चपलांकडे बघत म्हणाला. “मले येतच नाही.”

कुणीतरी म्हणालं, येत नाही तर दाखव येत नाही ते. हा कसला न्याय, पण त्या बिचाऱ्याला तो खरा वाटला. त्यानं सगळ्यांसमोर ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. नुसता वारा निघाला. पुन्हा मारली. पुन्हा वारा. मंडळी हसली. सोंग करतो म्हणाली. तो आणखी जोर लावून फुंकत राहिला, गाल फुगवून, मानेच्या शिरा ताणून, तिशीचा एक बाप्या माणूस आपल्याला एक गोष्ट येत नाही हे पटवून देण्यासाठी धडपडत होता, आणि त्याच्या ओठांवर थुंकी जमली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसणं थांबेना. मला तिथून पळून जावंसं वाटलं.  हसणाऱ्यांत मी नव्हते, पण ओटा आमचा होता.

वहिनीनं माझं मनगट धरलं. 

“बाई, थो मानूस नाही. थे पाखरू होय.”

 तिनं हळू आवाजात, एका दमात सांगितलं. हे पाखरू तिच्या गावच्या जंगलात दरवर्षी येतं. लहानपणी ढोरं चारताना ती त्याच्याशी बोलायची. ते शीळ घाली, ही तशीच शीळ घाली, आणि ते फसून जवळ जवळ येई. मोठी झाल्यावर तिच्या आईनं एक दिवस तिच्या तोंडावर मारलं आणि ती शीळ बंद झाली. बाईमाणसानं ओठांचा तसा आकार करणंही वाईट. इथं त्या दिवशी मोरीवर भांडी घासताना तो आवाज कानी आला आणि तिच्या तोंडून उत्तर निघूनच गेलं. मग रोज निघत गेलं.

“मंग सांगितलं काहून नाही, वैनी?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“पाखरू होय म्हनलं असतं, तं त्याले जबाब कोन देते म्हनून विचारलं असतं,” ती म्हणाली. “मी देतो. सुनेनं शिट्टी मारली असं कोन्या तोंडानं सांगू मी?”

मी म्हटलं, मी बाहेर जाऊन सांगते. तिनं मान हलवली. “तुमच्यावरच तं आळ हाये. तुमचं कोन आइकन?” ते खरंच होतं. बाहेर पुन्हा हशा उठला. वहिनीनं एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. बाहेर अजून थोडा उजेड होता, अर्जुनांची खोडं तेवढी पांढुरकी दिसत होती. तिनं पदर डोक्यावरून ओढून पार हनुवटीखाली नेला, दोन्ही टोकं छातीशी घट्ट धरली, आणि ती दार ढकलून ओट्यावर गेली.

माझ्या आठवणीत ते दृश्य कायम आवाजाशिवाय येतं. सगळे एकदम गप्प झाले होते म्हणूनही असेल. चौकटीला खेटून उभी असलेली ती, पदराआड नाक-डोळे काही नाही, नुसती एक निळ्या लुगड्यातली आकृती. कंदिलाची वात तिच्या हलण्यानं जराशी थरथरली. सासऱ्याशी आजवर एक अक्षर न बोललेली ती बाई समोरच्या खांबाकडे तोंड करून बोलली.

“मामाजी, थो मानूस नाही. पाखरू होय. आइका.”

आणि तिनं शीळ घातली. पदराच्या आतून, दोन सूर. पहिला चढता, दुसरा उतरता. तो आवाज सुंदर होता. इतके दिवस आम्ही ज्याला मवालीपणा म्हणत होतो तो असा स्वच्छ, पाण्यानं धुतल्यासारखा होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. उत्तर आलं नाही. कुणीतरी घसा खाकरला. दादानं पिशवी खाली ठेवली. वहिनीनं पुन्हा घातली, आणि या वेळी नाल्याच्या दाटीतून तेच दोन सूर परत आले.

देवीदास तर समोरच उभा होता, ओठांवर थुंकी तशीच. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे. वहिनी शीळ घालत राहिली, आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडं अलीकडून यायला लागलं. बांबूंपासून, मग जांभळीखालून, मग हापशीच्या चिखलाजवळून. शेवटी कुंपणाखालून मुरमाच्या वाटेवर एक पाखरू टुणटुण उड्या मारत बाहेर आलं. मैनेएवढं, आखूड शेपटीचं. पाठ हिरवी, छाती फिकट बदामी, डोळ्यांवरून काळा जाड पट्टा, पंखावर निळ्याची एक चमक, आणि शेपटीखाली असा लाल रंग की कुंकवाचा हात पुसला असावा. उजेड विझत आला होता तरी ते सगळे रंग दिसले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, चोचीनं दोन पानं उडवली, खालचा एक किडा उचलून गिळला, आणि शेपूट खालीवर करत उभं राहिलं. आमच्या अब्रूच्या एवढ्या मोठ्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता. मग कुणाच्या तरी चपलेचा आवाज झाला आणि ते दाटीत परत गेलं.

सुटका झाल्यासारखे सगळे एकदम हसले. आधीच्या हसण्यापेक्षा हे हसणं चांगलं असायला हवं होतं. पण त्यात हळूहळू दुसरं काहीतरी मिसळत गेलं, आणि एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसून काहीतरी कुजबुजला, आणि ते दोघे पदराआडच्या आकृतीकडे बघून पुन्हा हसले. देवीदासनं हात जोडले की नाही मला दिसलं नाही. तो चपलांकडे बघतच ओट्यावरून उतरून गेला. बाबा उठले. सुनेकडे न बघता घरात गेले आणि आतून दार लोटून घेतलं. वहिनी तिथंच उभी होती. तेव्हाच मी तो हात पहिल्यांदा पाहिला, पदराखालून वर जाताना. हाताची पाठ ओठांवर.

माझं नाव त्या संध्याकाळी स्वच्छ झालं. देवीदासची नोकरी राहिली. याची जी किंमत होती ती सगळी तिच्याकडून वसूल झाली, आणि कुणी ती मागितली होती असंही म्हणता येणार नाही. हापशीवरच्या बायका तिला लाडात येऊन म्हणायच्या, वाजव ना गं तुझी शिट्टी, आणि आपसात डोळे मिचकावायच्या. ती बाजाराला निघाली की मागून टवाळ पोरं ते दोन सूर काढायची. नाल्यातल्या पाखराला जे कधी सुचलं नसतं ते आता खरोखर माणसं करायला लागली होती. दादा तिच्यावर रागावला नाही. तो फक्त तिच्याकडे बघेनासा झाला, ताटाकडे बघून जेवायचा, भिंतीकडे बघून झोपायचा, आणि लोकांनी एस.टी.त काहीतरी विचारलं असावं, कारण तो आता मागच्या सीटवर बसून यायचा. बाबांचं आणि तिचं बोलणं पुन्हा माझ्यामार्फत सुरू झालं. भाजी पाह्यजे का विचारा. नको म्हणाव.

पाखरू सगळा पावसाळा बोलावत राहिलं. रोवणी झाली, बांध्यांत धान हिरवं झालं, तरी पहाटे आणि दिवेलागणीला ते दोन सूर यायचेच. वहिनी तेवढ्यापुरतं मागचं दार लावून घ्यायची. लावून झालं की कडीवर हात तसाच ठेवून उभी राहायची, दुसरा हात ओठांवर.  माझ्यासाठी ती बाहेर गेली होती, आणि मी तिच्यासाठी कुठं जावं हे मला सुचत नव्हतं. मागच्या पायरीवर अधूनमधून भाजीसाठी बांबूचे कोवळे कोंब सोलून, पानात गुंडाळून ठेवलेले असायचे. कोण ठेवतं ते आम्हाला ठाऊक होतं. समोर यायची देवीदासला लाज वाटत होती, आणि पानं उचलायची वहिनीला.

पुढे साकोलीच्या कॉलेजात मला एका प्राध्यापकांकडून त्या पाखराचं नाव कळलं. मी वर्णन केलं, आणि ते म्हणाले, हा नवरंग. ओलसर, दाट झाडीत जमिनीवरचे किडे खाऊन राहतो, पावसाळ्यापुरता इकडे येतो, मग दूर दक्षिणेकडे जातो. दिसतो क्वचितच, ओळखायचा तो शिळेवरून. मी मोठ्या उत्साहानं घरी येऊन वहिनीला नाव सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं आणि विचार करून म्हणाली, “रंगावरून नाव ठेवलं. रंग तं कोनाले दिसतच नाही त्याचे.” मग पुन्हा पाखडायला लागली.

ऐंशीच्या दशकात बाबा निवृत्त होऊन अड्याळला परतले. दादाची बदली पवनीला झाली, म्हणून तो आणि वहिनीही त्यांच्याजवळच राहिले. माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले होते. अड्याळचं आमचं घर बाजाराजवळ, भोवती मोकळं रान आणि धानाच्या बांध्या. तिथं नाला नव्हता, दाटी नव्हती, ते पाखरूही नव्हतं. वहिनीची सवय मात्र तशीच होती. दिवेलागण झाली की हात ओठांवर. केसांत पांढरे तंतू दिसायला लागले होते आणि दोन मुलांची आई झाल्यामुळे पदर आता कपाळावर थांबत होता, एवढाच फरक.

असाच एकदा आषाढात मी माहेरी गेले होते. संध्याकाळी बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडून एक चमत्कारिक आवाज येत होता, फुसफुस असा. दम लागला असावा म्हणून मी धावत गेले, तर बाबांनी ओठांचा चंबू केलेला. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे नुसता वारा. मला पाहताच ते दचकले, आणि त्यांच्या हाताची पाठ ओठांवर गेली. मी जागच्या जागी थांबले. हा हात मला ओळखीचा होता. इतकी वर्षं मी तो एकाच माणसाचा समजत होते.

दादानं नंतर सांगितलं, गेल्या पावसाळ्यापासून हे चाललं होतं. सून स्वयंपाकघरात दिवा लावते त्या वेळी म्हातारा ओट्यावर बसून फुंकतो, आणि सून ऐकून न ऐकल्यासारखं करते. मला वसाहतीतल्या ओट्यावरचा देवीदास आठवला, गाल फुगवलेला, डोळ्यांत पाणी आलेला. आता त्याच्या जागी बाबा बसले होते, स्वतःहून, आणि हसायला कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी वहिनी दिवा लावून दारात आली. आड नाही, दारात. बाबा गप्प झाले. ती थोडा वेळ अंगणाकडे बघत उभी राहिली आणि मग मी मधे असूनही माझ्याशी न बोलता थेट त्यांच्याशी बोलली.

“मामाजी, दुसरा सूर खाली घ्या लागते. तुमी वरच धरून राह्यता, म्हनून वारा निंगते.”

“दाखव मंग एकडाव,” बाबा म्हणाले.

तिचा हात सवयीनं उठला, हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. मग तो खाली गेला. तिनं शीळ घातली, तेच दोन सूर, जरासे जाडे झालेले. बाजाराकडून बैलगाडी येत होती, गाडीवान मान वळवून बघायला लागला, तरी तिनं पदर पुढे घेतला नाही. आम्ही तिघंही नकळत उत्तराची वाट पाहिली. अड्याळला ते कुठून येणार होतं? गाडी निघून गेल्यावर बाबा अंगणाकडे बघत म्हणाले, “तवा मी उठून आत गेलो, सूनबाई. जायले नोको होतं. मलेच लाज वाटली पाह्यजे होती.”

  वहिनीचे डोळे भरले होते आणि ते पुसायला तिनं हात वर नेला नाही.

“चहा ठेवतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर बाबा फार वर्षं नव्हते. वहिनीही आता नाही. तलाव तसाच आहे, वसाहत ओस पडली आहे म्हणतात, आणि पाळीखालच्या ओलाव्यात नवरंग दर पावसाळ्यात येत असणार, पाचोळा उलटत, किडे टिपत, कुणाला बोलवायचं हे ठाऊक नसताना बोलावत. पाखरांचं जाणं परतण्यासाठी असतं. आपल्या माणसांना तेवढीच एक गोष्ट जमत नाही. नागपूरच्या माझ्या घरामागं झाड म्हणून एक कडुनिंब आहे. दिवेलागणीला मी कधी कधी दाराला कडी न लावता उभी राहते, आजूबाजूला कुणी नाही ना बघते, आणि ओठांचा चंबू करते. नुसता वारा निघतो. दुसरा सूर खाली घ्यायचा असतो हे मला पाठ आहे. तो चुकतो आहे हे दारात येऊन सांगणारं आता कुणी नाही.